दांडीखालचा खटका

कोल्हारला प्रवरेच्या पुलाच्या अलीकडं, मनमाडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका लिंबाखाली मिस्त्री बसायचे. गाडी कुणाचीही येऊ दे, मोठ्या बागायतदाराची नाहीतर माझ्यासारख्या दूधवाल्याची, ते आधी गाडीकडं बघायचेच नाहीत. हातातलं काम खाली ठेवायचे, मालकाला झाडामागच्या रांजणापाशी न्यायचे, तांब्याभर पाणी पुढं करायचे आणि हळू आवाजात एकच विचारायचे, "हात कुणी लावला?"

म्हणजे बिघाड झाल्यावर माझ्याकडं यायच्या आधी तू स्वतः काय उपद्व्याप केलास ते सांग. कुणी दगडानं नट ठोकलेला असायचा, कुणी मेव्हण्याकडून इंजिन खोलून घेतलेलं असायचं. खरं ऐकल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावायचे नाहीत. "गाडीला काय झालं ते मला गाडी सांगंल. तुमी काय केलं ते तिला सांगता येत न्हाई, ते तुमी सांगा," असं म्हणायचे. आणि जे ऐकलं ते रांजणापाशीच राहायचं. पुढं येऊन ते कधी बोलले नाहीत की याच्या मेव्हण्यानं घोळ घातला. म्हणून लोक त्यांना खरं सांगायचे. बायकोला सांगत नव्हते ते मिस्त्रींना सांगायचे.

मी चौथी शिकलो, तीही धड नाही. कागदावर लिहायची सवय नाही. पण त्या माणसाबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे आणि ते मीच लिहायला पाहिजे, म्हणून बसलो आहे.

मिस्त्रींनी काम शिकलं ते नगरच्या लष्करी वर्कशॉपात, साहेब लोकांच्या गाड्या पुसता पुसता. खाकी अर्धी चड्डी आणि बाह्या दुमडलेला सदरा, हा वेश मी कधी बदललेला पाहिला नाही. गोणपाट अंथरायचं आणि काढलेला एकेक भाग काढला त्याच क्रमानं ओळीत मांडायचा. बसवताना उलटीकडून सुरुवात. त्या ओळीतून कुणी चालत गेलं तर मात्र मिस्त्रींचा आवाज पुलापलीकडं ऐकू यायचा. खराब झालेला भाग ते टाकून द्यायचे नाहीत. रॉकेलनं धुऊन मालकाच्या तळहातावर ठेवायचे. "नीट बघा. मी म्हणतो म्हणून मानू नका. दात झिजलेत का न्हाई, बोट फिरवा." शिकलेली माणसं घाईत असायची, मान डोलवून निघायची. मिस्त्री त्यांना परत बसवायचे.

घर त्यांचं धम्म घेतलेलं. दारात बाबासाहेबांची तसबीर, कुंकवाऐवजी फुलं. रांजणातलं पाणी काहीजण घ्यायचे नाहीत. मिस्त्री तांब्या पुढं करायचेच. समोरच्यानं नको म्हटलं की स्वतः एक घोट प्यायचे आणि तेच विचारायचे, हात कुणी लावला? मीसुद्धा पहिली दोन-अडीच वर्षं ते पाणी प्यालो नाही. खोटं कशाला लिहू? माझ्या चंचीतली सुपारी कातरून त्यांना द्यायचो, माझ्याच अडकित्त्यानं, आणि स्वतःला मोठा मोकळ्या मनाचा समजायचो.

माझी गाडी म्हणजे लष्करी लिलावातून फिरत फिरत आलेली जुनी, विलायती फटफटी. मी घेतली तेव्हाच तिचं अर्धं वय उलटलेलं. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या बांधून मी नदीपलीकडच्या वस्त्यांवरचं दूध कोल्हारला डेअरीवर आणायचो. गाडी तगडी होती, पण तिचा न्यूट्रल सापडायचा नाही. पायानं चार वेळा खालीवर करावं तेव्हा कुठं लागायचा. मी तो शोधायचोच नाही. गाडी गिअरमध्येच, क्लचची दांडी मुठीत दाबून धरलेली, इंजिन चालू, असा उभा राहायचो. मिस्त्री म्हणायचे, "पाटील, एका तारेच्या भरवशावर उभं राहताय." मी म्हणायचो, "माझ्या मनगटाच्या भरवशावर." त्या वयात मनगटात दम होता आणि डोक्यात त्याहून जास्त.

लिंबाच्या पलीकडच्या कडेला पेरूवाली आत्या बसायची. आख्ख्या कोल्हारची आत्या. पाटी पुढ्यात, पाय लांब केलेले आणि तोंड चालू. एक दिवस मी तिच्यासमोर असाच गाडी दाबून उभा होतो आणि क्लचची तार तटकन तुटली. तार तुटली की दांडीत काही उरत नाही, ती मुठीत पार आत जाते आणि इकडं गाडी उडी मारते. चाक थेट पाटीत. पेरूंचा लगदा झाला. आत्या बाजूला कोलमडली, वाचली.

"अरं ए पाटला, म्हशी हाकायच्या सोडून हे कशाला हाकतोस?" ती उठत म्हणाली. लोक हसले. मीही हसलो.

मिस्त्री हसले नाहीत. नवी तार बसवून झाली तरी त्यांनी गाडी सोडली नाही. म्हणाले, "उद्या या." दुसऱ्या दिवशी पाहतो तर क्लचच्या दांडीखाली, मुठीच्या अंगाला, त्यांनी एक खटका बसवलेला. जुन्या बॅटरीतली पितळी पट्टी, तिच्याखाली चामड्याचा तुकडा आणि तिथून निघालेली एक काळी तार इंजिनाकडं गेलेली. मला समजावून सांगितलं ते असं. दांडी नेहमीसारखी दाबली तर ती मुठीपासून बोटभर लांब राहते, मुद्दाम सगळा जोर लावल्याशिवाय खटक्याला लागत नाही. पण तार तुटली की दांडी पार आत येते, पट्टीवर आपटते, आणि पट्टी इंजिनाची ठिणगी मारून टाकते. गाडी जागच्या जागी बंद.

"उडी टळणार न्हाई," मिस्त्री म्हणाले, "पण वीतभर जाईल आन् मरंल. आत्याच्या पाटीपत्तूर पोचणार न्हाई."

मी म्हटलं, "एवढं कशाला? तार काय रोज तुटते?"

"शिंगणापुरात दाराला कडी न्हाई. तिथं राखायला शनिदेव हाय. हितं कोन हाय? तुमी? तुमचं ध्यान तर डेअरीच्या रांगेत." आणि त्यांनी मला दांडी दहा वेळा जोर लावून पार आत दाबायला लावली. दहाही वेळा इंजिन बंद पडलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जसं काही घरात पाळणा हललाय.

असा खटका तेव्हा कुठल्या गाडीला मी पाहिला नव्हता. मिस्त्रींनी तो डोक्यातून काढला होता, पेरूच्या लगद्याकडं बघून.

पाच-सहा महिने गेले. मग खटका बिघडला. दांडी साधी दाबली तरी पट्टीला लागायची आणि इंजिन बंद. थांबलो की बंद, गिअर बदलला की बंद. बाजाराच्या दिवशी ऐन गर्दीत तीनदा बंद पडली. किका मारून मारून मी घामानं निथळलो. मागून बैलगाडीवाला ओरडला, "पाटील, वैरन टाका की तिला!" दुसरा म्हणाला, "दूध काढून घ्या, मग चालंल!" चार माणसांनी ढकलून मला बाजाराबाहेर काढलं. मिस्त्रींचं झाड तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण तिथं जायचं म्हणजे पुन्हा त्या लोकांच्या समोरून गाडी ढकलत जायचं. मी गेलो नाही. ओढ्याच्या वळणावर थांबलो, चंचीतून अडकित्ता काढला आणि ती काळी तार कातरली. दुसऱ्या टोकाला ओढून हातभर तुकडा काढला आणि मुठीवर गुंडाळलेल्या फडक्यात खोचून दिला. गाडी सुरळीत चालू झाली. मला वाटलं, जिंकलो.

मिस्त्रींना बोललो नाही. भेट झाली की ते खटक्याबद्दल विचारायचे, "राखनदार काय म्हनतो?" मी म्हणायचो, "झोपलाय निवांत." सुपारी कातरून त्यांच्या हातावर ठेवायचो.

महिन्याभरानं, सकाळची वेळ, डेअरीवरून रिकाम्या किटल्या घेऊन परतत होतो. रस्त्यात गुरं आडवी आली म्हणून लिंबासमोर थांबलो. गिअरमध्येच. तार तुटली.

या वेळी आत्याला बाजूला होता आलं नाही. पुढचं चाक तिच्या लांब केलेल्या पायावरून गेलं. ती ओरडली तो आवाज मी आज कितव्यांदा ऐकतो आहे कोण जाणे. पायाचं हाड मोडलं होतं. दोघातिघांनी उचलून तिला बैलगाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी तिथंच उभा. गाडी आडवी पडलेली. धक्क्यानं मुठीवरचं फडकं सुटलं होतं आणि तारेचा तुकडा धुळीत पडला होता.

मिस्त्री आले. वाकले. तुकडा उचलला, टोकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही, आणि तो सदऱ्याच्या खिशात टाकला. आपोआप तुटलेल्या तारेचं टोक विस्कटलेलं असतं. हे टोक तिरपं, गुळगुळीत होतं. माझ्या अडकित्त्याची सुपारी त्यांनी इतकी खाल्ली होती की तो तिरपा काप त्यांना ओळखू आला नसता तरच नवल.

गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीनं ह्या गाडीला कसली कळ बसवली हुती म्हनं."

"मग तिनंच घात केला."

"चांगल्या गाडीत कशाला हे उद्योग? लष्करात भांडी घासली म्हनून काय विंजिनेर झाला व्हय?"

सगळे मिस्त्रींकडं बघायला लागले. मिस्त्रींनी काही म्हणावं म्हणून मी वाट बघत होतो. ते एवढंच म्हणाले, "गाडी उचला, झाडाखाली लावा." आणि त्या दिवशी पहिल्यांदा, त्यांनी मला रांजणापाशी नेलं नाही. विचारलंच नाही.

मी सायकलवरून दूध घालायला लागलो. गाडी लिंबाखाली तशीच उभी. मिस्त्री तिला हात लावेनात, कारण त्यांचा नेम होता, आधी खरं ऐकायचं. लोकांना नेम कुठं माहीत? ते म्हणायला लागले, बघा, स्वतःच्याच कामाला हात लावायला भितोय. गाड्या येईनाशा झाल्या. काम चांगलं होतं तोवर ते नुसते मिस्त्री होते. चूक झाली म्हटल्यावर लोकांना त्यांची वस्ती आठवली. "त्यांच्या हातात यंत्र दिल्यावर दुसरं काय व्हनार," असं माझ्यासमोर, माझ्याच भावकीतला माणूस बोलला, आणि मी सायकलची साखळी बघत उभा राहिलो. मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही, पण तेव्हा ऐकून घेतलं.

आठव्या दिवशी आमच्या घरातनं विचारलं, "कोल्हारवरून येताना त्या लिंबाखाली बघता का?"

"न्हाई बघत."

"उद्या बघा."

बघितलं. मिस्त्री गोणपाट अंथरून बसले होते. गोणपाटावर काहीच नव्हतं. एक नट नाही, एक पाना नाही. सकाळपासून झाडाची पानं पडली होती, ती त्यांनी एका ओळीत लावून ठेवली होती. मी सायकल तिथंच टाकली.

कुणी बोलावलं नव्हतं, मीच रांजणाकडं गेलो. तांब्या बुडवला आणि पाणी प्यालो. पूर्ण तांब्या. मिस्त्री मागून आले. आवाज नेहमीसारखाच, हळू.

"हात कुणी लावला?"

"मी. अडकित्त्यानं. बाजारात लोक हसले म्हणून."

त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला तुकडा काढला. आठ दिवस खिशातच होता.

मी म्हणालो, "मग तुम्ही बोलला का नाही? त्याच दिवशी दाखवला असता तर तुम्ही सुटला असता."

"मी सुटलो असतो, व्हय. पन ह्यानंतर ह्या रांजनापाशी येऊन मला खरं कोन सांगनार? मिस्त्री चारचौघांत काढतो म्हनल्यावर सगळे खोटं बोलनार. खोटं ऐकून गाडी दुरुस्त व्हत न्हाई, पाटील." मग तांब्या पालथा घालत म्हणाले, "आन् माझीबी चूक हाय. चला, दाखवतो."

गोणपाटावर त्यांनी मला बसवलं. पाना माझ्या हातात दिला. "तुमीच खोला." मी दांडी काढली, दोन बारीक स्क्रू काढले, पट्टी उचलली, ओळीत मांडली. पट्टीखालचं चामडं निघालं ते टम्म फुगलेलं, आंबूस वासाचं. मिस्त्रींनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"बघा. तुमचे हात दुधाचे. रोज थोडं थोडं दूध आत गेलं, चामडं पिऊन फुगलं, पट्टी वर आली. म्हनून साधी दांडी दाबली तरी लागायची. दूधवाल्याच्या गाडीला मी चामडं लावलं. इचार करायला पायजे हुता. खटका बिघडला तो माझ्यामुळं, कापला तो तुमी."

त्यांनी चामड्याऐवजी टायरचं रबर कापलं. पितळेऐवजी जुन्या घड्याळाच्या कमानीचा तुकडा घेतला, बोटानं दाबून दाबून त्याची उसळी बघितली. भोकं त्यांनी पाडली, बसवलं मी. तीनदा चुकलं, तीनदा उलटीकडून पुन्हा. क्लचची नवी तार घातली. दांडी आणि मुठीत बोटभर जागा राहते का ते त्यांनी माझंच बोट घालून मोजलं. राहिली ती काळी तार. मी म्हटलं, नवी टाकू. मिस्त्री म्हणाले, "हीच टाका." कापलेलं टोक सोलून त्यांनीच सांधा मारला आणि त्यावर सायकलच्या व्हॉल्व्हची तांबडी नळी सरकवली. काळ्या तारेवर ती तांबडी नळी लांबून दिसायची.

"वरून काळी पट्टी गुंडाळू का?" मी विचारलं.

"राहू द्या. दिसू द्या."

शेवटी खिशातून काडेपेटी काढून तिची खरबरीत बाजू त्यांनी खटक्याच्या पट्टीवर दोनदा फिरवली, गंज धरू नये म्हणून. "रोज सकाळी एवढं करायचं. बिघडला तर या. ढकलत या, लोक हसले तर हसू द्या. मी न्हाई हसनार." मग गाडी चालू करून दांडी पार आत दाबायला लावली. दहा वेळा.

मी म्हणालो, "लोकांना काय सांगू?"

"मला सांगितलं, माझं काम झालं. लोकांचं तुमी बघा."

बाजाराच्या दिवशी मी गाडी ऐन गर्दीत नेली. आत्याला तिच्या भाच्यानं खाटेवर आणून बसवलं होतं, पायाला पट्ट्या बांधलेल्या, पुढ्यात पाटी. तिथं उभा राहून मी मोठ्यानं सांगितलं, खटका मिस्त्रींचा होता, पण तार मी कापली होती. कापली नसती तर आत्याचा पाय शाबूत असता. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आवाज नीट निघाला नाही. माझी भावकी ऐकत होती. त्यांनाही म्हटलं, त्या दिवशी बोललेलं आज पुन्हा बोलून दाखवा.

आत्या म्हणाली, "मला ठावं हुतंच. मिस्त्रीचं काम अशी उडी मारत न्हाई. उडी मारनारं माकड येगळं." लोक हसले. त्या दिवशी मला ते हसणं टोचलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. टोचलं. पण मी तिथून हललो नाही. तिचा पाय जुळून ती चालायला लागली, त्याला पावसाळा उजाडला. तोवर तिची पाटी घरून आणायची आणि घरी न्यायची हे काम माझ्या गाडीनं केलं. ती मागं बसायची आणि आख्ख्या रस्ताभर मला न्यूट्रल शोधायला लावायची.

दुसऱ्या आठवड्यात लिंबाखाली चार गाड्या होत्या. पुढचं साल मोठ्या दुष्काळाचं. दूध आटलं, पारनेरकडची माणसं रस्त्यावर खडी फोडायला आली, त्यांच्या पाण्याच्या टँकरची इंजिनं मिस्त्रींनीच चालती ठेवली. प्रत्येक ड्रायव्हरला आधी रांजणापाशी नेऊन.

पुढं त्यांची नजर मंदावली आणि मुलगी त्यांना नगरला घेऊन गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. एस्टीत बसले, खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या गाडीची दांडी चाचपली, पार आत दाबली. इंजिन बंद पडलं. "जागा हाय राखनदार," म्हणाले. त्यानंतर दोनदा भेटलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अंगणात बुद्धवंदना चालू होती आणि मिस्त्री नव्हते. मी मागं उभा राहिलो. येताना त्यांच्या मुलीकडं पाणी मागितलं.

गाडी आता गोठ्यात असते. परवा नातवानं गिऱ्हाईक म्हणून पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आणले. जाणकार होते, गुडघे टेकून बारकाईनं बघत होते. दांडीखालच्या खटक्यापाशी थांबले. असला खटका ह्या गाडीला नव्हताच म्हणाले. मग तांबड्या नळीवर बोट ठेवून त्यांनी मान वर केली.

"काका, हिला हात कुणी लावला?"

नातू घाईघाईनं म्हणाला, "असंच गावाकडचं काम आहे, काढून टाकता येईल."

मी त्याला गप्प केलं. पाहुण्यांना हाताला धरून उठवलं, गोठ्याच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी नेलं, तांब्या भरून दिला. ते प्याले. मग सांगितलं, "कापली मी. जोडली मिस्त्रींनी. गाडी विकायची नाही."